डीटी, डीडी आणि आजीचे शब्द

या शनिवारचा विषय वाचून अर्धे लोक पळून जाणार याची मला पूर्ण कल्पना आहे. विषय आहे एचटीएमएलमधली डिस्क्रिप्शन लिस्ट, आणि तिला क्लास लावून सजवणं. ज्यांचा वेबशी संबंध तिकिटं काढण्यापुरताच येतो त्यांनीही थांबायला हरकत नाही, कारण खालच्या मजकुरात कोड कमी आणि भांडणं जास्त आहेत. तीही घरातली.

आधी थोडी तोंडओळख. वेबपानावर यादी करायचे तीन प्रकार आहेत. ठिपक्यांची यादी, आकड्यांची यादी, आणि तिसरी डीएल, जी कोणाच्या फारशी ध्यानात नसते. डीएलमध्ये जोड्या असतात. डीटी म्हणजे शब्द, आणि त्याच्याखाली डीडी म्हणजे त्याचा अर्थ, खुलासा, किंमत, जे काय असेल ते. हॉटेलचं मेन्यूकार्ड, औषधाच्या खोक्यावरची माहिती, लग्नाच्या बायोडेटातलं "उंची : ५ फूट ४ इंच", ही सगळी खरं तर डीएलच. टिम बर्नर्स-लीने नव्वदीच्या सुरुवातीला जे मोजके टॅग दिले त्यातही ती होती, म्हणजे चित्राच्या टॅगपेक्षाही जुनी. तिचं नाव तेव्हा आणि पुढे बरीच वर्षं 'डेफिनिशन लिस्ट' होतं. १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ मध्ये तर असंही म्हटलं होतं की नाटकातले संवाद लिहायलाही ती वापरता येईल, डीटीत बोलणाऱ्याचं नाव आणि डीडीत त्याचं वाक्य. २०१४ च्या एचटीएमएल ५ ने ती मुभा काढून घेतली आणि नावही बदलून 'डिस्क्रिप्शन लिस्ट' केलं. इतकी वर्षं इंडस्ट्रीत काढूनही मी ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा वापरली होती. ऑफिसात सगळं डिवमध्ये कोंबायची पद्धत. कोण विचारतो?

तर झालं असं की काकांनी मला एक वही दिली.

काका निवृत्त शिक्षक. आमचं मूळ घर भाईंदर पश्चिमेला, मुर्ध्यात. मीरा-भाईंदर म्हटलं की बाहेरच्यांना टॉवर आणि विरार लोकलची गर्दी आठवते. २००२ साली महानगरपालिका झाली, वस्ती आठ लाखांच्या पुढे गेली, ते सगळं खरं. पण राई, मुर्धा, मोर्वा, डोंगरी, उत्तन ही गावं स्टेशनातून उत्तनच्या रस्त्याला लागलं की अजून तिथेच आहेत. आम्ही आगरी. आजी मिठागरावर काम केलेली, तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती बोलायची ते शब्द काका नव्वदच्या दशकापासून एका फुलस्केप वहीत उतरवत होते. आजी २०१९ साली गेली. वहीत तीनशेच्या वर शब्द झालेले. मागच्या दिवाळीत काकांनी ती वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला ना? हे नीट लावून दे. नातवंडांना बघता आलं पाहिजे."

मी मीरा रोडला सातव्या मजल्यावर राहतो. माझी मुलगी इंग्रजी शाळेत जाते. मला स्वतःला आजीची बोली समजते, पण बोलायला गेलो तर नाटकात काम केल्यासारखं वाटतं. त्यामुळे "नीट लावून दे" हे काम दिसतं तितकं निरुपद्रवी नव्हतं.

चुलत बहिणीने तोवर एक एक्सेल करून ठेवली होती. तीन रकाने. शब्द, अर्थ, शेरा. दिसायला छान. पण तिसऱ्याच पानावर 'भांग' आला आणि एक्सेलची पंचाईत झाली. एक केसातला भांग. दुसरी होळीला पितात ती. आणि तिसरा, जो शहरातल्या बहुतेकांनी ऐकलेलाच नसतो, तो समुद्राचा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण येतं, आणि अष्टमीच्या सुमाराला भरतीचा जोर ओसरतो, तो भांग. 'भांगाचं पाणी' म्हटलं की मिठागरावर काम करणाऱ्याला बाकी काही सांगावं लागत नाही. आता एक शब्द आणि तीन अर्थ एक्सेलमध्ये कसे मांडायचे? तीन ओळी करून शब्द तीनदा लिहायचा, किंवा एकाच खणात तीन अर्थ कोंबायचे. पुढे त्याच्या उलटा प्रकार आला. 'ओहोटी' आणि 'सुकती'. दोन शब्द, अर्थ एकच.

डीएलमध्ये हे दोन्ही आपसूक बसतं. एका डीटीखाली हवे तितके डीडी लिहा. किंवा दोन-तीन डीटी लागोपाठ लिहून त्यांच्याखाली एकच डीडी द्या. सगळे मिळून एक गट होतो. (व्युत्पत्तीला धरून चालणारे कोशकार भांगाच्या वेगळ्या नोंदी करतील. आम्ही घरगुती माणसं, आम्ही एकच केली.) त्या दिवशी मला या टॅगबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला. ज्या कोणी हा विचार केला त्याने कधीतरी खरा शब्दकोश हातात घेतला असणार.

दिसायला मात्र डीएल गरीब. ब्राउझर काहीच न सांगता तिला दाखवतो ते असं, की शब्द डाव्या कडेला आणि अर्थ पुढच्या ओळीत ४० पिक्सेल आत सरकवलेला. बस. आमच्या उमेदवारीच्या काळात शब्द आणि अर्थ एकाच ओळीत आणायचे तर डीटीला डावीकडे फ्लोट करायचो, आणि एखादा लांबलचक शब्द आला की दोन ओळींत मोडायचा आणि खालच्या सगळ्या ओळी जिन्यासारख्या उजवीकडे सरकत जायच्या. आता ग्रिड आहे. शिवाय एका नोंदीचे डीटी-डीडी एका डिवमध्ये गुंडाळायलाही हल्ली परवानगी आहे, त्यामुळे एका नोंदीला चौकट, पार्श्वभूमी वगैरे देता येते. पूर्वी डीएलच्या आत डिव टाकला की व्हॅलिडेटर अंगावर यायचा.

पण खरी मजा क्लासमध्ये आहे.

क्लास म्हटलं की आपल्याकडे आधी शिकवणी आठवते नाहीतर रेल्वेचा फर्स्ट क्लास. एचटीएमएलमधला क्लास दुसऱ्याच्या जवळचा. डबा तसाच, रूळ तेच, गर्दीही तीच, पण बाहेर एक खूण लावलेली, आणि त्या खुणेवरून कोणी कुठे चढायचं ते ठरतं. डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४ पासून हे अधिकृतपणे आलं. कुठल्याही टॅगला क्लास हा गुणधर्म द्या, त्यात एक किंवा मध्ये जागा सोडून अनेक नावं लिहा, आणि मग सीएसएसमध्ये त्या नावाने हाक मारून रंगरंगोटी करा. तीनशे डीटींपैकी ज्यांना 'स्त्री' असा क्लास आहे ते सगळे एका ओळीच्या नियमात तिरपे होतात.

नाव काय ठेवायचं यावरून मात्र आपल्या धंद्यात कायम गोंधळ. नवा मुलगा आला की हमखास क्लासचं नाव ठेवतो 'लाल' किंवा 'मोठा-ठळक'. सहा महिन्यांनी डिझायनर म्हणते लाल नको, निळा हवा. मग 'लाल' नावाच्या क्लासमध्ये निळा रंग लिहिलेला, आणि नंतर येणारा कपाळाला हात लावतो. म्हणून एचटीएमएल ५ मध्ये स्पष्ट सल्ला दिलाय की क्लासचं नाव ती गोष्ट कशी दिसावी यावरून ठेवू नका, ती गोष्ट काय आहे यावरून ठेवा. मी हा सल्ला ज्युनियर मंडळींना इतक्या वेळा ऐकवलाय की माझ्या बायकोलाही पाठ झालाय.

हेच काम कागदावर करणारी माणसं दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेली. मोल्सवर्थ घ्या. इंग्रज लष्करी अधिकारी, मराठीच्या नादाला लागला, शास्त्रीमंडळी हाताशी घेतली आणि १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला. मग १८५७ साली कितीतरी वाढवलेली दुसरी आवृत्ती. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे भाऊ त्याच्या जोडीला होते. लोक त्याला मोलेसरशास्त्री म्हणायचे. शिकागो विद्यापीठाने हा कोश इंटरनेटवर ठेवला आहे, दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश'ही तिथेच आहे, आणि आमच्यापैकी कितीतरी जण ऑफिसच्या वेळात तिथे जाऊन शब्द शोधत बसलेत. मोल्सवर्थच्या पानाकडे वेबवाल्याच्या नजरेने बघा. शब्द हा डीटी. त्याच्यापुढे पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग यांची एकेक अक्षरी खूण. मग कंसात एस म्हणजे संस्कृत, ए म्हणजे अरबी, पी म्हणजे फारसी, एच म्हणजे हिंदुस्थानी. मग अर्थ, म्हणजे डीडी. त्या खुणा म्हणजे क्लास, दुसरं काय? दाते-कर्व्यांनी १९३२ ते १९३८ मध्ये सात विभाग काढले, त्यात प्रांतांच्याही खुणा आहेत. गो. म्हणजे गोमंतकी, व. म्हणजे वऱ्हाडी, कु. म्हणजे कुडाळी. एका शब्दाला दोन-तीन खुणाही असतात, अगदी एका टॅगला दोन-तीन क्लास असतात तशा.

असो. आता भांडणाकडे.

काकांच्या वहीत बऱ्याच शब्दांखाली लाल शाईची रेघ होती आणि समासात छोट्या अक्षरात 'अशु.' असं लिहिलेलं. गारी, अशु. घोरा, अशु. पानी, अशु. म्हणजे गाडी, घोडा, पाणी. आमच्या बोलीत ड चा र होतो, ण चा न होतो, ळ चा ल होतो. आजी आयुष्यभर असंच बोलली. काकांनी तिचे शब्द जपून उतरवले आणि उतरवतानाच, सवयीने, तपासलेही. तीस वर्षं वह्या तपासलेला हात.

बहीण म्हणाली, सोपं आहे, क्लासचं नाव 'लाल' ठेव. मी म्हटलं, छे, नियम काय? दिसण्यावरून नाव नको, असण्यावरून हवं. मग रेघ लाल का आहे? कारण शब्द अशुद्ध आहे. म्हणजे क्लास 'अशुद्ध'. नियमात अगदी चपखल बसतं. कुठलाही रिव्ह्यूअर पास करेल.

तो शब्द टाइप केला आणि पुढे हात चालेना. तीनशेपैकी जवळपास दीडशे डीटींवर, आजीच्या दीडशे शब्दांवर, मी 'अशुद्ध' असा शिक्का मारणार होतो. बघणाऱ्याला कदाचित दिसणारही नाही, पण फाइलमध्ये कायमचा. सल्ला एवढंच सांगतो की वस्तू काय आहे ते लिहा. ती काय आहे हे ठरवायचं कोणी, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. 'पानी' हा शब्द अशुद्ध आहे की आगरी आहे? दोन्ही नावं 'असण्यावरून' ठेवलेली, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक.

रविवारी मुर्ध्याला गेलो आणि काकांना म्हटलं, हे 'अशु.' काढूया. 'आगरी' लिहूया.

काका भडकले नाहीत, पण गप्प झाले. मग म्हणाले, "तुला काय जातंय बोलायला? सातवीतला पोरगा निबंधात 'पानी' लिहितो. मी नाही मार्क कापले तर पुढे बोर्ड कापेल. मी लाल शाई वापरली म्हणून आपल्या गावची चार पोरं इंटरव्ह्यूला धडपणे बोलली." आणि मग जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. शिक्षकाच्या ट्रेनिंगला जाताना ते भाईंदरहून गाडीत बसले की दाराशी उभं राहून 'ण' आणि 'ळ' घोकायचे. बाण, पाणी, कोण, बाळ, माळ, टिळक. गाडीच्या आवाजात कोणाला ऐकू जायचं नाही. वर्गात एकदा 'मना' म्हणाले होते, 'मला'च्या ऐवजी, आणि पुढे वर्षभर त्यांना त्याच नावाने हाक मारली गेली.

यावर मी काय बोलणार? माझ्याकडे स्पेसिफिकेशनचा सल्ला होता, त्यांच्याकडे भाईंदर ते दादरची दोन वर्षं.

(मधल्या मधे एक. जुलै २०२५ मध्ये आमच्या मीरा रोडला भाषेवरून आधी व्यापाऱ्यांचं आंदोलन आणि मग मराठीचा मोर्चा झाला, देशभरच्या चॅनेलवर दिसला. मराठी बोललं पाहिजे, असं सगळे म्हणत होते. मीही म्हणतो. पण टीव्हीसमोर बसलेले काका मध्येच पुटपुटले, "कोणची मराठी, ते पण विचारा कोणीतरी." 'कोणची'तला ण अगदी खणखणीत.)

तोडगा काढला तो काकांनीच, आणि त्यांना डीएल काय असते हे समजावून सांगत असताना. मी कागदावर ओहोटी-सुकतीची जोडी काढून दाखवत होतो. दोन डीटी, खाली एक डीडी. ते बघून ते म्हणाले, "म्हणजे दोन्ही शब्द एकाच मानाचे?" मी म्हटलं हो, टॅगच्या दृष्टीने दोन्ही डीटीच, त्यात लहानमोठं काही नाही. "मग 'गारी' आणि 'गाडी' दोन्ही वर लिही. अर्थ खाली एकच. पोरांना दोन्ही यायला पाहिजेत." आणि क्लास? मी 'आगरी' आणि 'प्रमाण' म्हणालो. त्यांनी मान हलवली. 'प्रमाण' म्हटलं की दुसरं आपोआप अप्रमाण होतं, हे त्यांच्या माझ्याआधी लक्षात आलं. जरा वेळाने म्हणाले, "घरचा, आणि शाळेचा."

झालं. गारी, क्लास 'घरचा'. गाडी, क्लास 'शाळेचा'. घरचा आधी, शाळेचा त्याच्याखाली, अक्षराचा आकार तोच, जाडी तीच. घरच्याला मिठागरातल्या चिखलासारखा राखी-तपकिरी रंग दिला आणि शाळेच्याला फळ्याचा गर्द हिरवा. उद्या रंग बदलले तरी नावं खोटी पडणार नाहीत. नोकरीत मी शेकड्यांनी क्लासची नावं ठेवली असतील, त्यात ही दोन सगळ्यात चांगली आहेत आणि दोन्ही माझी नाहीत.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण ती मराठी माणसालाच उपयोगाची आहे. क्लासचं नाव देवनागरीत ठेवता येतं का? येतं. एचटीएमएलची फक्त नावात मोकळी जागा नको एवढीच अट आहे, आणि सीएसएसलाही देवनागरी अक्षरं चालतात. आम्ही 'घरचा', 'शाळेचा' असंच लिहिलंय, म्हणजे उद्या काकांनी फाइल उघडली तर त्यांनाही वाचता येईल. पण एक खड्डा आहे. काकांच्या यादीत तिसरा प्रकार होता, परक्या भाषांतून आलेले शब्द, त्याला त्यांनी नाव दिलं 'दुसऱ्यांचा'. अर्धी यादी बहिणीने मोबाइलवर टाइप केली, अर्धी मी लॅपटॉपवर. पानावर बघतो तर अर्ध्या 'दुसऱ्यांचा' शब्दांना रंग आहे, अर्धे कोरडे. स्पेलिंग तेच. डोळे फाडून बघितलं, अगदी तेच!

गोम त्या 'ऱ्य'मध्ये. हा जो डोळ्यांवरच्या पापणीसारखा अर्धा र आहे, तो युनिकोडमध्ये एकापेक्षा जास्त तऱ्हांनी लिहिता येतो. ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन. साध्या र ला नुक्ता जोडून. किंवा र ला हलन्त देऊन त्यामागे एक न दिसणारी जोडखूण टाकून. स्क्रीनवर तिन्ही सारखे. सीएसएस मात्र अक्षर बघत नाही, मागचे आकडे बघतं, आणि आकडे वेगळे तर क्लास वेगळा. शनिवारची अख्खी दुपार गेली यात. तेव्हा नाव देवनागरीत ठेवा, खुशाल ठेवा, पण ज्यात 'ऱ्य' किंवा 'ऱ्ह' येतो असं नको. बिचाऱ्या, वऱ्हाड, कऱ्हाड, सगळे बाद. :-)

तो क्लास तसाही टिकला नाही. आजीची धाकटी बहीण राईला असते, नव्वदीच्या आसपासची, कान शाबूत. आम्ही तिला यादी वाचून दाखवत होतो. पगार, चावी, बादली, फीत, मेस्त्री, नाताळ. काकांनी समजावलं की हे शब्द पोर्तुगीजांकडून आलेत, म्हणून दुसऱ्यांचे. या पट्ट्यात पोर्तुगीज अंमल होता, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा संपला, वगैरे. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पगार दुसऱ्याचा? आनि तुझा मोबाईल कोनाचा रं?"

खरंय. आणि नीट विचार केला तर तांत्रिकदृष्ट्याही तिचंच बरोबर होतं. शब्द कुठून आला ही माहिती आहे, वाचणाऱ्याला हवी असलेली माहिती. ती क्लासमध्ये लपवून रंगाने सुचवण्यात काय अर्थ? रंग न दिसणाऱ्याला ती मिळणारच नाही. काही हुशार मंडळी अशा वेळी सीएसएसच्या बिफोर आणि कंटेंटने शब्दापुढे 'पोर्तुगीज' असं छापून घेतात. दिसतं छान. पण तो मजकूर पानाचा नसतोच, तो सजावटीचा. कोणी नोंद कॉपी केली तर तो मागे राहतो, पानावर शोधला तर सापडत नाही. म्हणून आम्ही क्लास काढून टाकला आणि सरळ एक जास्तीचा डीडी लिहिला. "मूळ पोर्तुगीज." तसंच 'आगर'चं केलं. दक्षिण कोकणात आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग, आमच्याकडे मिठागर. मी आधी प्रदेशांचे क्लास करणार होतो. दोन डीडीत दोन वाक्यं लिहिली, काम संपलं. क्लासचा मोह आवरणं हेही एक कौशल्य आहे, पण ते कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत.

शेवटचा प्रश्न राहिला तो अकरा शब्दांचा. वहीत अकरा शब्दांपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. आजी बोलली, काकांनी घाईत शब्द टिपला, अर्थ नंतर विचारू म्हणून जागा सोडली. राईच्या आजीने त्यातल्या सातांचे अर्थ लगेच सांगितले. चार तिलाही आठवेनात. "ऐकलाय, पन..." म्हणून थांबली. ते चार शब्द मी इथे मुद्दाम देत नाही. दिले की कोणीतरी संस्कृतातून त्यांची व्युत्पत्ती काढून मोकळं होईल.

मी पान व्हॅलिडेटरला दिलं तेव्हा बरोबर चार चुका आल्या. डीटी आहे, डीडी नाही. नियमच आहे, गटात किमान एक डीटी आणि किमान एक डीडी पाहिजे. यंत्राच्या भाषेत, अर्थाशिवाय शब्द लिहिता येत नाही. बहीण म्हणाली, काढून टाक, चारच तर आहेत. काका म्हणाले, "शब्द तिचा आहे, तो राहणार."

पण रिकामा डीडी चालतो. डीडी असायला हवा, त्यात काही असायलाच हवं असं नाही. मग चारही ठिकाणी रिकामे डीडी टाकले, क्लास 'रिकामा', आणि त्या क्लासला दोन ओळींची उंची आणि खाली ठिपक्यांची रेघ दिली. शाळेच्या पेपरात गाळलेल्या जागा असतात तशी. छापताना शब्द एका पानावर आणि अर्थ पुढच्या पानावर जाऊ नये यासाठीही एक नियम घातला, कारण काकांना हे सगळं कागदावर हवंच होतं. वीस पानं झाली.

फेब्रुवारीत मुर्ध्यात एका लग्नाची हळद होती. काका वीस-वीस पानांचे दहा गठ्ठे आणि खिशात चार बॉलपेनं घेऊन गेले. हळदीत पेनं! पण बायकांनी पानं हातोहात घेतली, नाव वाचून एकमेकींना दाखवली, काहींनी 'घरचा' रांगेतले शब्द मोठ्याने वाचून हसून घेतलं. रात्री परत आलेल्या गठ्ठ्यांत चारपैकी एका शब्दापुढच्या ठिपक्यांवर काहीतरी लिहिलेलं होतं. खरं तर दोन गठ्ठ्यांवर. एकावर मुर्ध्याच्या एका आजीबाईंच्या सुनेने लिहिलेलं की मीठ ओढायच्या लाकडी अवजाराचा दांडा. दुसऱ्यावर डोंगरीहून आलेल्या कोणीतरी, वेगळ्याच वळणाच्या अक्षरात, की हट्टी माणूस.

काकांनी फोन करून विचारलं की यातला कुठला घ्यायचा. मी 'रिकामा' काढला आणि दोन डीडी लिहिले.